दोन हातांनी ओतलेलं पन्हं

एका गावात एक पन्हेवाला होता. गावाचं नाव मी सांगणार नाही, कारण तसली गावं पुष्कळ आहेत आणि उगाच कुणाला तरी झोंबायचं. त्या गावाला एक झरा होता. पाणी इतकं गोड की पन्ह्यात गूळ निम्माच लागायचा. झऱ्याकाठीच पन्हेवाल्याचा मांडव होता. कैऱ्या उकडून गर काढायचा, त्यात गूळ, वेलदोडा आणि झऱ्याचं पाणी, बस्स. पिणारा दुसरा पेला मागितल्याशिवाय उठत नसे.

पण लोक काही नुसतं पन्हं प्यायला येत नव्हते. लोक यायचे मतं द्यायला. राजाचे दिवाणजी शहाणे की लबाड, सुनेनं माहेरचा देव सासरच्या देव्हाऱ्यात ठेवावा की नाही, पन्ह्यात गूळ चांगला की साखर, की हे सगळं झूट आणि ताक तेवढं खरं. कशालाही सुरुवात व्हायची आणि आवाज चढायचे. वाद मिटेना की निवाडा पन्हेवाल्यानं द्यायचा, अशी तिथली जुनी रीत होती. तो ज्याच्या बाजूचा, त्याला पहिला पेला. दुसऱ्यानं गुपचूप थांबायचं.

आता आमच्या पन्हेवाल्याला कुणाचंच मन मोडवत नसे. माणूस वाईट नव्हता हो, फक्त भित्रा होता. त्यानं एक युक्ती काढली. एकाला म्हणायचं, बरोबर आहे तुमचं. दुसऱ्याकडे वळून तेच म्हणायचं. आणि दोन हातांत दोन ओगराळी धरून दोघांचे पेले एकदमच भरायचे. थेंबाचाही फरक नाही. पहिला कुणीच नाही आणि दुसराही कुणी नाही. लोक आधी हसले, मग त्यांना ते आवडायला लागलं. जो तो घरी जाऊन सांगे, पन्हेवाला आतून आपल्याच बाजूचा आहे बरं का.

एक यमाक्का म्हणून म्हातारी तेवढी खवचट. ती विचारायची, तुझं स्वतःचं काय मत आहे रे? त्यावर हा म्हणायचा, तुमचंही बरोबर आहे, अक्का.

एके दिवशी गावात दवंडी पिटली. दिवाणजींच्या सांगण्यावरून झऱ्याचं पाणी पाट काढून राजाच्या नव्या बागेला न्यायचा विचार आहे. गावाचं काही म्हणणं असेल तर दरबारात येऊन मांडावं. बोलायचं मात्र एकानंच. दुसऱ्या कुणी तोंड उघडलं तर गावाचं म्हणणं बाद.

गावात दुसरं पाणी म्हणजे एक विहीर, आणि ती खारट. त्यामुळे सगळ्यांची झोप उडाली. बोलायला कुणाला पाठवायचं यावर मात्र कधी नव्हे ते गावाचं एकमत झालं. पन्हेवाल्याला. कारण तो प्रत्येकाचाच माणूस होता ना! यमाक्का नको म्हणत होती, पण म्हातारीचं कोण ऐकतो?

पन्हेवाला आणि त्याच्यामागे गावातले चौघे दरबारात उभे राहिले. राजानं शांतपणे विचारलं, "हे पाणी बागेला न्यावं असं मला वाटतं. तुझं काय म्हणणं?"

पन्हेवाल्याला सगळं पाठ होतं. बायका, पोरं, गुरं, खारट विहीर, वाटेत चारदा घोकलं होतं त्यानं. त्यानं तोंड उघडलं, आणि इतक्या वर्षांची सवय बाहेर पडली.

"बरोबर आहे तुमचं, महाराज."

मागच्या चौघांना आपण काय ऐकलं ते कळेचना. एकानं दुसऱ्याचा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. बोलायची सोय नव्हती. पन्हेवाल्याचाही स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. आणि सगळ्यांत जास्त चकित झाला तो राजा.

"दिवाणजींना नाही म्हणायला मला एक कारण हवं होतं," राजा म्हणाला. "म्हणून तर मुद्दाम तसं विचारलं. वाटलं होतं, तुमचं गाव नाही म्हणेल."

दिवाणजींनी लगेच हुकूम लिहून घेतला. दोन महिन्यांत पाट झाला आणि झरा गावाकडे पाठ फिरवून गेला.

गावात सुतक पडल्यासारखं झालं. पन्हेवाल्याला शिव्या द्याव्यात तर त्याला निवडलं कुणी? आपणच. त्यानं विहिरीच्या पाण्याचं पन्हं केलं. लोक सवयीनं आले, एकेक घोट घेतला. कसं झालंय, त्यानं भीत भीत विचारलं. छान झालंय, सगळे म्हणाले. त्याचीच री त्याच्याच मांडवात ओढली जात होती.

यमाक्कानं मात्र घोट थुंकून टाकला. "खारट आहे रे. तोंडात धरवत नाही."

पन्हेवाला मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. डोळे पुसले आणि तसाच उठून राजाच्या बागेत गेला. राजा झाडाखाली बसून पन्हंच पीत होता. त्यानं ओळखलं, एक पेला पुढे केला आणि विचारलं, कसं आहे?

पन्हेवाल्यानं घोट घेतला. ती चव त्याला झोपेतही ओळखू आली असती. त्यानं पेला खाली ठेवला.

"गोड आहे, महाराज. पण हे पाणी आमचं आहे. तुम्ही नेलंत ते चूक केलंत."

रखवालदारानं भाल्यावरची मूठ आवळली. राजानं त्याला हातानंच थांबवलं. मग म्हणाला, "हे त्या दिवशी म्हणाला असतास तर अख्खा झरा तुमचा होता. आज इथं हजार झाडं लागलीत. ती मला मारवणार नाहीत. आठवड्यातून एक दिवस पाणी गावाकडे सोडतो. तेवढंच आता माझ्या हातात आहे."

तेव्हापासून त्या गावात आठवड्यातून एकच दिवस गोड पन्हं मिळतं. त्या दिवशी मांडवात गर्दी होते आणि वाद तर होतातच. गूळ की साखर, पहिल्याच दिवशी दोघे जुंपले. पन्हेवाल्यानं एक ओगराळं खुंटीला टांगलं, म्हणाला गूळ, आणि गूळवाल्याचा पेला आधी भरला. साखरवाला फुरंगटून बसला. पण उठून गेला नाही, थांबला, आणि आपला पेला पिऊनच गेला.

तात्पर्य: गूळ की साखर इथं ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याला गाव बुडताना तरी कुठून म्हणता येणार?