पडायला शिकवणारे सकपाळ मास्तर

शाळेवर कौलं चढायच्या आधीची, पोरं गवताच्या छपराखाली बसायची तेव्हाची ही गोष्ट. सह्याद्रीच्या उतारावर करंजकडा नावाचं गाव. घरं सगळी एकावर एक, एकाच्या अंगणाखाली दुसऱ्याचं छप्पर. त्या गावात लेकरू चालायला लागलं की आई त्याला पदराशी बांधून ठेवायची. पळायचं नाही, चढायचं नाही, उडी तर मारायचीच नाही. मोठाली पोरंसुद्धा साध्या बांधावरून बसत बसत उतरायची, असं म्हणतात.

गावात अनसा नावाची बाई होती. तिचा थोरला मुलगा कड्यावरून घसरून गेला होता. मागे उरली एकच मुलगी. तिला कुणाची नजर लागू नये म्हणून तिचं नाव ठेवलं भिकी. अनसा तिला पाणवठ्यावरसुद्धा हात धरून न्यायची.

अशात शाळेवर येसाजी सकपाळ मास्तर आले. अंगानं किडकिडीत, पण उतारावरून चालले तरी पायाखालचा खडा हलत नसे, असं म्हणतात. पहिल्याच दिवशी त्यांनी अंगणात भाताचा पेंढा पसरला आणि म्हणाले, "आज आपण पडायला शिकायचं."

गावभर बोभाटा झाला. अनसा तरातरा शाळेत गेली.

"मास्तर, पोरीला अक्षरं शिकायला धाडलीय मी. आपटायला नाही."

"अनसाबाई, तिला इथंच उतारावर राहायचंय. कधीतरी पडणारच. पडायचं कसं हे कळलं, तर उठेल."

अनसाच्या डोळ्यांपुढे मुलगा आला. तिनं तिथंच कुडापाशी बसकण मारली. मग म्हणाली, "तर मी इथंच बसणार."

"बसा की," मास्तर म्हणाले.

ती रोज कुडाला टेकून बसू लागली. मास्तर सांगायचे, "हनुवटी छातीला. गुडघे सैल. पाय टेकले की लोळ." पोरं लोळायची. मग एका पायावर तोल सांभाळायला शिकली, मग फांदीला लोंबकळायला, मग बांधावरून उडी मारायला. भिकी पडली की अनसा ताडकन उठायची. भिकी हसत उठली की परत खाली बसायची. उठणं काही थांबलं नाही, पण ती लवकर खाली बसू लागली.

शिमगा झाला, ओढा आटला. एके दुपारी शाळा सुटली. पोरं ओढ्यावरच्या लाकडी साकवावरून घरी निघाली आणि मधलं लाकूड मोडलं. अख्खा साकव एका अंगाला कलला. पोरं कठड्याच्या बांबूंना धरून लोंबकळत राहिली. खाली कोरडी वाळू, पण घराच्या उंचीइतकी खोलवर. सांगणाऱ्यांनी ती खोली वाढवत वाढवत आता माडाएवढी केली आहे.

मास्तर लांबून धावत येत होते. अनसा शाळेतून जरा पुढे निघून पलीकडच्या काठावर लेकीची वाट बघत उभी होती. बांबू कडकड वाजत होते. अनसा ओरडली, "भिके, हनुवटी छातीला. गुडघे सैल. आता हात सोड."

भिकीनं आईकडे बघितलं आणि हात सोडले. पाय वाळूला टेकले, ती लोळली आणि उठून बसली. मग अनसा एकेका पोराला नाव घेऊन सांगत गेली आणि पिकली जांभळं गळावीत तशी पोरं खाली आली. त्या वेळी वारा थांबला होता, आणि वाळू आपण होऊन वर आली होती, असं म्हणतात. कुणाचं हाड मोडलं नाही. शेवटचं पोर बाजूला झालं आणि मगच साकव कोसळला.

अनसा धडपडत खाली उतरली. लेकीचे हातपाय चाचपले, मग सगळ्या पोरांचे चाचपले.

"आई, कुठंच लागलं नाही गं," भिकी म्हणाली.

अनसा वाळूत बसून रडता रडता हसू लागली. मास्तर खडे घरंगळवत खाली पोचले. तेही तिथंच बसले.

डोळे पुसून अनसा म्हणाली, "मास्तर, उद्या पेंढा जरा जास्त टाका. मलाही शिकायचंय."

त्याला किती पिढ्या झाल्या, कुणाला ठाऊक नाही. पण करंजकड्यात आजही शाळेच्या पहिल्या दिवशी सकपाळ मास्तरांच्या नावानं पेंढा पसरतात. आधी आई पदर खोचून लोळते, मग लेकरू. बदलून आलेल्या शिक्षकांचीही सुटका नाही. सगळं अंगण हसत असतं. मग घरी जाताना लेकरं उतारावरून पुढे पळतात, आणि केसांतल्या काड्या काढत आया मागून सावकाश येतात.