नीवारेचे अर्धे वाक्य

कृतयुग ओसरू लागले होते, पृथ्वीवर नांगर नुकताच रुळला होता आणि बैल हा घरातलाच एक मानला जात होता, त्या काळी सह्यपर्वताच्या पूर्वेस, वेणुवती नदीच्या काठी सीरव्रत ऋषींचा आश्रम होता. मृगाजिने आणि होमधूम इतर आश्रमांत असतात तसे इथेही होते. पण ह्या आश्रमाचे खरे वैभव म्हणजे काळी कसदार शेते आणि ती कसणारी बैलजोडी. बैलांची निगा ऋषिपत्नी नीवारा राखीत असे. त्यांतला धौरेय नावाचा बैल, आईवेगळे वासरू असताना, तिने पेजेत बोट बुडवून वाढवला होता. तिला मूलबाळ नव्हते, त्यामुळे लोक जे म्हणायचे ते म्हणत. ती मात्र त्याला बैलच म्हणे आणि पोटच्या पोरासारखे वागवी.

त्याच देशात शुष्ककंठ नावाच्या असुराची दहशत पसरली होती. त्याने विंध्याच्या गुहेत केवळ वायू भक्षून घोर तप आचरले, आणि ब्रह्मदेव प्रसन्न झाले. तप दिसले की पितामहांना राहवत नाही आणि मागणारा कोण हे ते पाहत नाहीत. ही त्यांची खोड तिन्ही लोकांना अनेकदा भोवली आहे. असुर म्हणाला, "हे चतुरानना, अमरत्व मागून फसलेले असुर मी पाहिले आहेत, मला ते नको. दुखावलेल्या जनावराविषयी मी विचारले असता त्याचा पाळणारा 'आता ह्याचे काही खरे नाही' असे बोलला, की ते जनावर जिवंतपणीच माझे भक्ष्य व्हावे. तो गप्प राहिला, तरी व्हावे. आणि ठाऊक नसताना 'हा नक्की वाचेल' असे म्हणाला, तरीही व्हावे."

"तथास्तु," पितामह म्हणाले, आणि मग, जरा उशिराच, विचारात पडून पुढे म्हणाले, "परंतु ह्या तिन्हींहून वेगळे आणि खरे उत्तर तुला ज्या दारी मिळेल, त्या दारी तुझा वर संपेल."

असुर खदाखदा हसला. असे उत्तर असते कुठे, असे त्याला वाटले, आणि त्या वेळी पितामहांनाही ते सुचले नसावे.

तेव्हापासून गोठे ओस पडू लागले. असुर कधी वैद्याच्या रूपाने येई, कधी शेजाऱ्याच्या, कधी परगावी गेलेल्या सख्ख्या भावाच्या. कळवळून चौकशी करी, आणि थकलेल्या माणसाच्या तोंडून ते वाक्य निघून जाई. गप्प राहिलेल्यांची आणि 'वाचेल' म्हणालेल्यांचीही जनावरे वाचली नाहीत. मग दावे खुंटाला तसेच, गाठही न सुटलेली, आणि दाव्याच्या वेढ्यात चाटूनपुसून ठेवलेली हाडे. लोक एकमेकांना गोठ्यात येऊ देईनासे झाले.

अशा दिवसांत सीरव्रत ऋषी नदीपार राजाच्या यज्ञाला गेले असता, बांधावर चरणाऱ्या धौरेयाची मांडी एका मस्तवाल रानडुकराने फाडली. कसाबसा गोठ्यापर्यंत येऊन तो महाकाय वृषभ जो बसला तो उठेना. शिष्य भिऊन गोठ्याकडे फिरकेनासे झाले. नीवारेने एकटीने कडुनिंबाच्या पाण्याने जखम धुतली, त्यातले किडे वेचले, हळद भरली. अंगाखाली चट्टे पडू नयेत म्हणून बांबूची तरफ लावून ती त्याची कूस बदली आणि वेळूच्या नळ्याने त्याच्या घशात पेज ओती. जखमेची तिला भीती नव्हती. तिला भीती पावलांची वाटे. पाचोळा वाजला तरी ती नळा खाली ठेवून दाराकडे पाही.

एके दिवशी माध्यान्ही वैश्वदेव आटोपून तिने काकबळी ठेवला. एकही कावळा आला नाही. शेजारचा जोडीदार बैल दावे ताणून भिंतीला चिकटला. अंगणात एक जराजर्जर ब्राह्मण उभा होता, आणि त्याच्या पावलांचा आवाज झाला नव्हता.

अतिथीला परत पाठवायचे कसे? तिने पाय धुण्यास पाणी दिले. तो म्हातारा सरळ गोठ्यात शिरला, धौरेयाजवळ बसला, त्याच्या कपाळावर हात ठेवून रडू लागला.

"मुली, किती सोसलेस! तुझे डोळे खोल गेले आहेत. घरात कोणी विचारणारे नाही. मी तुझ्या पित्यासारखा. माझ्यापाशी मन मोकळे कर. हा बैल वाचेल काय?"

इतक्या दिवसांत तिला कोणी मायेने मुली म्हटले नव्हते. तिचा बांध फुटला. सकाळीच जखमेतून दुर्गंधी सुटली होती, बैलाने पेज ओकली होती, आणि तिच्या मनाने हाय खाल्ली होती. ती हुंदका देत म्हणाली, "भगवन्, आता ह्याचे काही—"

टप्प असा आवाज झाला. म्हाताऱ्याच्या हनुवटीवरून लाळेचा थेंब गळला होता, आणि जिथे तो पडला तिथला कडबा काळा पडला. नीवारेने मान वर केली. त्याची दाढी चिंब भिजली होती आणि डोळे तिच्या ओठांवर खिळले होते.

वाक्य पुरे करावे तर बैल जाणार, गिळावे तर जाणार, 'वाचेल' म्हणावे तर जाणार. तिने धौरेयाकडे पाहिले. त्याने मान हलवली नाही, डोळा उघडला नाही. माश्या घोंगावत होत्या आणि बरगड्या हळूहळू वरखाली होत होत्या, बस, एवढेच. तिने खूप शोधले, पण तो मरणार हे तिला दिसेना आणि जगणार हेही दिसेना.

"आता ह्याचे काही," ती म्हणाली, "सांगता येत नाही."

"हे उत्तर नव्हे!" असुर गर्जला. म्हातारपण गळून पडले, आढ्याला मस्तक भिडले, गुहेसारखे मुख उघडले. "हो म्हण, नाहीतर नाही म्हण!"

नीवारा बैलाच्या मानेवर पालथी पडली आणि डोळे मिटून ओरडली, "जखम खोल आहे, हे सत्य! श्वास चालू आहे, हेही सत्य! ह्यापुढचे मी पाहिलेले नाही, आणि न पाहिलेले मी बोलणार नाही! बाजूला हो, ह्याची कूस बदलायची आहे!"

त्याचा उष्ण श्वास तिच्या पाठीवर आला आणि तिथेच थांबला. वर संपला होता. असुराचा घसा मिटला, देह धुरासारखा विरला, आणि त्याची भूक तेवढी आडव्या वाऱ्यावर भटकत राहिली. नीवारा कितीतरी वेळ तशीच पडून होती. मग उठली आणि तिने तरफ लावली.

धौरेय पुढे उठला. पण लगेच नाही, आणि लंगडत. त्याला पुन्हा नांगराला जुंपले नाही. तो उठेपर्यंतच्या प्रत्येक सकाळी नीवारा गोठ्याच्या दारात क्षणभर थबके, कारण आत काय दिसेल हे तिला खरोखरच ठाऊक नसे.

त्या देशीचे लोक तेव्हापासून आजारी जनावरापाशी ते भयंकर वाक्य उच्चारत नाहीत. कोणी विचारलेच, तर "सांगता येत नाही" असे म्हणतात, आणि बोलता बोलता जनावरापुढे पाणी ठेवतात.