फिरकीचा शेंदूर

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा माणसं कमी होती, वारा मात्र आजच्याएवढाच होता. समुद्रकाठच्या एका राज्यात एक तांडेल राहत असे. राहत असे म्हणजे काय, त्याचं घरच मुळी पाण्यावर! एक लहानसं गलबत, त्यावर तो, त्याची बायको आणि एक चूल. आज या बंदरात, तर उद्या त्या.

गलबताच्या अगदी पुढच्या टोकाला एक लाकडी फिरकी बसवलेली होती. तांडेलाच्या पणजोबाने ती एका कसबी सुताराकडून करून घेतली होती. तिच्याभोवतीचा दोर ओढला, की ती गरगर फिरे आणि पुढचं शीड चटईसारखं स्वतःभोवती गुंडाळलं जाई. दोर सोडला, की शीड पुन्हा उलगडे. वारा चढला, तर अर्धं गुंडाळावं. पडला, तर पुरतं सोडावं. इतर गलबतांवर पुढचं शीड आवरताना खलाशांची तारांबळ उडे, एखादा पाण्यातही पडे. आमचा तांडेल मात्र पान चघळत, एका जागी उभा राहून हे काम करी आणि आजूबाजूला कोणी बघतंय का, तेही हळूच पाही.

फिरकीचा त्याला अभिमान होता, त्यात काही वावगं नव्हतं. पण अभिमानाची हळूहळू भक्ती झाली. घरात रीतच होती, की दर पौर्णिमेला फिरकीची पूजा करायची. दूर्वांनी गोड्या पाण्याचे थेंब शिंपडायचे, खोबरेल तेलाचं बोट लावायचं आणि वर शेंदूर थापायचा. आजोबाने थापला, बापाने थापला, याने तर दोघांच्या वरताण केली. होता होता फिरकीचं लाकूड दिसेनासं झालं. मग तांडेलाने तिला चांदीचे डोळे बसवले. मोगऱ्याचे हार घातले. ते सुकले, तरी देवीचे म्हणून काढले नाहीत. त्यांवरच नवे चढवले.

एकदा तांडेलिणीने विचारलं, "अहो, समुद्रावरची देवी ही. हिला गोडंच पाणी का लागतं? खाऱ्याला काय झालं?"

"रीत आहे," तांडेल म्हणाला.

रीत आहे म्हटलं, की पुढचं बोलणं खुंटतं. तांडेलिणीचं समाधान मात्र काही झालं नाही.

त्या वर्षी फिरकी जड फिरू लागली. दोर ओढताना करकर आवाज येई. तांडेलीण म्हणाली, "एकदा हे सगळं खरवडून आत बघू या का?"

तांडेलाने कानांवर हात ठेवले. "देवीला खरवडायचं? जीभ आवर गो! तिचा कोप झालाय, दुसरं काही नाही." आणि त्याने त्या पौर्णिमेला दुप्पट शेंदूर लावला. फिरकी आणखी जड झाली. त्याला वाटलं, कोप वाढला. पुढच्या पौर्णिमेला त्याने तिप्पट लावला. आता तुम्ही हसाल. हसा, पण आपल्या घरातही असं काही चाललेलं नाही ना, ते एकदा बघून घ्या.

तांडेलाची एकुलती एक लेक दूरच्या बेटावर दिली होती. तिचं पहिलंच बाळंतपण होतं. तांडेलिणीच्या माहेरगावी हाताला यश असलेली एक सुईण होती. लेकीला तिथे पोचवायचं ठरलं आणि दोघं तिला गलबतावर घेऊन निघाली.

दुपारपर्यंत समुद्र शहाण्यासारखा वागला. मग वारा फिरला आणि बघता बघता अंगावर आला. समोर गाव दिसत होतं. पण बंदराच्या तोंडाशी दोन काळे खडक होते. लोक त्यांना थोरली जाऊ आणि धाकटी जाऊ म्हणत. त्या दोघींच्या मधून जायचं, तर अंग चोरूनच जावं लागे. पुढचं शीड निम्मं गुंडाळायचं, वेग कमी करायचा आणि मगच आत शिरायचं. शीड मुळीच नसेल, तर गलबत त्या वळणावर वळत नसे. पुरतं उघडं असेल, तर सरळ खडकावर जाई.

"वारा पडेपर्यंत बाहेरच थांबू," तांडेल म्हणाला.

तेवढ्यात लेकीने आईचा हात घट्ट धरला. "आई, कळ आली."

आता थांबणं नव्हतं. तांडेलिणीने सुकाणू धरलं. तांडेल पुढे धावला आणि त्याने दोर ओढला. फिरकी हलली नाही. त्याने पाय रोवून ओढला. फिरकी ढिम्म. त्याने दोराला काठी अडकवून पिळा दिला, आणि दोराचा एक पेड ताडकन तुटला, मग दुसरा. हारांच्या खाली दोर कधीपासून झिजत होता, कोणाला ठाऊक! शेवटचा एकच पेड उरला. तोही तुटला असता, तर शीड आवरायचं साधनच गेलं असतं.

 तांडेल फिरकीपुढे गुडघ्यांवर बसला. "आई, माझं काय चुकलं असेल त्याचा राग माझ्यावर काढ. लेकीवर काढू नकोस." असं म्हणत त्याने कमरेची शेंदराची डबी काढली.

तांडेलिणीने मागून हे पाहिलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, काय करताय? ती डबी ठेवा आधी!"

"आई, तू जा," लेक म्हणाली. घामाने तिचं कपाळ भिजलं होतं. "सुकाणू मी धरते. एका कळेनंतर दुसरी येईपर्यंत वेळ असतो. तांडेलाची लेक आहे मी."

तांडेलीण चुलीपाशी गेली, उलथनं उचललं आणि पुढे आली. तिने ते फिरकीला लावलं मात्र, तांडेलाने तिचा हात धरला.

"तू नको," तो म्हणाला.  "पाप लागायचं असेल, तर मला लागू दे."

त्याने उलथनं हातात घेतलं, डोळे मिटले आणि पहिला घाव घातला. शेंदराचा जाड पोपडा निघाला. वीज पडली नाही. त्याने डोळे उघडले आणि दुसरा घाव घातला. त्याचा शेंदूर निघाला, बापाचा निघाला, आजोबाचा निघाला. चांदीचे डोळे निखळून फळीवर पडले. आत आसाभोवती सुकलेल्या हारांचे दोरे करकचून आवळलेले होते. तेलाचा चिकटा लाखेसारखा कडक झाला होता. आणि सगळ्यांच्या खाली, फिरकीच्या माथ्यावर, सुताराने कोरलेलं एक नरसाळ्यासारखं भोक होतं. त्याला लाकडी बूच होतं.

तांडेलिणीने बूच उपटलं. आत मिठाचे खडे दिसले.

"म्हणून गोडं पाणी," ती म्हणाली. "अहो, शिंपडायला नव्हे! धुवायला! तुमच्या पणजोबांनी धुवायची रीत घातली होती. धुवायचं आणि तेल सोडायचं. पूजा मागाहून आली."

तांडेलाला रडू आलं. तीन पिढ्यांनी हिला शेंदूर लावला, डोळे लावले. पण हिच्याकडे बघितलं कोणीच नाही.

गलबतावर गोड्या पाण्याचा एकच हंडा होता, लेकीसाठी राखलेला. तांडेलाने मागे वळून पाहिलं.

"ओता, बाबा!" लेक ओरडली. "तहान बंदरात भागवीन!"

पाणी ओतताच खालून लाल, खारट चिखल वाहू लागला. दोऱ्यांची गुंतवळ निघाली. मग तांडेलिणीने स्वयंपाकाचं सगळं खोबरेल भोकात सोडलं. लेकीने दात आवळून सुकाणू वळवलं, तसं पुढचं शीड मोठ्या शिडाच्या आडोशाला आलं आणि ढिलं पडलं. खडक आता इतके जवळ होते, की त्यांच्यावरची कालवं दिसत होती.

तांडेलाने दोर हातात घेतला. जोर न लावता त्याने तो ओढला, आयुष्यात पहिल्यांदाच बोटांना काय लागतंय ते बघत बघत. फिरकी कुरकुरली, अडली, आणि फिरली. शीड निम्मं गुंडाळलं गेलं. तो एकटा पेड टिकला. गलबत दोन्ही जावांच्या मधून, कोणालाही न दुखवता, आत शिरलं.

दिवेलागणीला सुईणीच्या घरातून तान्ह्या मुलीचं रडणं ऐकू आलं. आई आणि बाळ दोघी सुखरूप होत्या. ओसरीवर बसलेल्या तांडेलाने लाल झालेल्या हातांनीच डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी सारा गाव हार, नारळ आणि शेंदूर घेऊन बंदरावर आला. "देवीने तारलं! तिला डोळे पुन्हा बसवा!" लोक म्हणाले. तांडेलाने सगळ्यांना नमस्कार केला. नारळ त्याने फोडला आणि खोबरं वाटलं. मग शेंदराची ताटं बाजूला ठेवून त्याने पुढच्या माणसाच्या हातात एक ओलं फडकं दिलं.

"पूजा करायची आहे ना?" तो म्हणाला. "मग माथ्यावरच्या भोकात बोट घाला आणि मीठ उरलंय का बघा. आणि तुम्ही हा नवा दोर या टोकापासून त्या टोकापर्यंत हातातून काढा. कुठे कच्चा लागला, तर मला सांगा."

लोक आधी कुजबुजले, मग वाकले. पुढे त्या किनाऱ्यावर दर पौर्णिमेला प्रत्येक गलबतावर दोर-शिडांची अशीच पूजा होऊ लागली, आणि म्हातारेकोतारे सांगत, की पूर्वीपेक्षा देवीचा कोप पुष्कळच कमी झाला आहे.

तात्पर्य: ज्याच्या भरवशावर आपण पाण्यात उतरतो, त्याला नुसते हात जोडून भागत नाही, हात घालून पाहावं लागतं.