खर्डेकरसाहेबांचा डावा बूट

रेसच्या ट्रॅकवर गाडी शिकवणाऱ्या हेमांगीने मागच्याच महिन्यात, सगळ्यांदेखत, स्वतःची गाडी कडेच्या टायरच्या भिंतीत घातली होती. तेव्हापासून आपल्या शब्दाला किती वजन उरलंय, हे तीच हसतहसत सांगायची.

एकदा ट्रॅकचे मालक खर्डेकरसाहेब नवीकोरी ऑटोमॅटिक गाडी घेऊन तणतणत आले. "वेग घेतला की ब्रेकचा आणि घसरण रोखणाऱ्या यंत्रणेचा, दोन्ही इशाऱ्याचे दिवे पेटतात. गॅरेजवाले हरले. खराब पार्ट काढून दाखव, भिंतबहाद्दर, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस!"

हेमांगी त्यांच्या शेजारी बसून एक फेरी फिरली आणि म्हणाली, "साहेब, डावा बूट माझ्याकडे द्या आणि पुन्हा फिरून या."

पायात नुसता मोजा, म्हणून साहेबांनी तो पाय जपून बाजूलाच ठेवला. दिवे पेटले नाहीत.

"काय काढलंस?"

तिने बूट पुढे केला. "हा पार्ट. उजवा पाय वेग देत होता, तेव्हा हा जुन्या गाडीतल्या क्लचच्या सवयीने ब्रेकवर टेकून बसला होता."

साहेब लाल झाले. "म्हणजे चूक माझी?"

"छे हो, बुटाचीच! भिंतीत गेले तेव्हा मीसुद्धा दोन्ही बूट घालून होते."