टोप्यांचा स्टँड

लंडनच्या आर्थर विन्स्लेडने दहा वर्षं टीव्हीच्या मालिका काढल्या, तेव्हा कुठे त्याला दिग्दर्शनासाठी पहिला सिनेमा मिळाला. त्यात नायक होते सर क्लेमंट हॉब्रो. यापूर्वी दोन दिग्दर्शकांना त्यांनी एका शब्दात घरी पाठवलं होतं.

सरांची एक खोड होती. स्वतःचा क्लोजअप झाला की ते चहाला निघत. समोरच्याचा क्लोजअप चालू असताना कॅमेऱ्यामागे थांबून आपली वाक्यं म्हणायची असतात, पण सरांना त्यात कमीपणा वाटे. त्या दिवशी नोरा नावाच्या नव्या नटीचा रडण्याचा प्रसंग होता, म्हणून आर्थरने त्यांना थांबायची विनंती केली.

"खऱ्या नटाला समोर माणूस लागत नाही," सर म्हणाले. "तो टोप्यांच्या स्टँडशीही बोलतो."

आणि गेले. आर्थरने खरंच एक स्टँड आणून त्यावर सरांची हॅट अडकवली. नोरा त्याच्याशी अशी बोलली की लाइटवाल्यांनी डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी पुढच्या प्रसंगात सरांचा क्लोजअप होता. सर रुबाबात येऊन उभे राहिले, तर समोर तोच स्टँड आणि त्यावर नोराचा स्कार्फ.

"हा काय चावटपणा आहे? मी या लाकडाशी बोलू?"

"काल नोराला जमलं, सर," आर्थर नम्रपणे म्हणाला. "तुम्हाला जमणार नसेल तर तसं सांगा, मी तिला लगेच बोलावतो."

सरांनी एकदा स्टँडकडे पाहिलं, एकदा लाइटवाल्यांकडे.

"बोलवा तिला," ते हळूच म्हणाले.

त्या दिवसापासून सरांचा चहा सेटवरच येऊ लागला.