टाकी तापेना

सांगा बरं, थंडी वाजली की तुम्ही कुणाच्या कुशीत शिरता?

मिचकी उंदरीची पिल्लं टाकीच्या कुशीत शिरायची. मिचकी होती एवढीशी. पिल्लं त्याहून एवढुशी. अंगावर केससुद्धा नाहीत. टाकीमागच्या भोकात त्यांचं घर होतं.

टाकी शेवंतामावशीची. टाकीत पाणी. पाण्यात आंबिलीचं मडकं. पाणी कोमट, तर आंबील छान आंबायची. पाणी कोमट कशानं? टाकीच्या पोटात होती तांब्याची नळी, गोल गोल गुंडाळलेली. बंबातलं गरम पाणी त्या नळीतून फिरायचं. झुळझुळ, झुळझुळ. मग टाकी तापायची.

एक दिवस नळी फुटली. फट्.

टाकी गार. भिंत गार. पिल्लं कुडकुडली.

मिचकी टाकीपाशी गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"टाकीबाई, टाकीबाई, तापतेस का?"

"पोटातली नळी फुटली. मावशी नवी बसवील, तर तापेन."

मिचकी मावशीकडे गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"मावशी, मावशी, नळी बसवतेस का?
टाकी तापेना,
पिल्लं माझी गारठली."

मावशी म्हणाली, "नवी नळी सरळ आहे काठीसारखी. टाकीत मावायची कशी? तांबट वाकवील, तर बसवीन."

ऊन अंगणात आलं होतं. मिचकी तांबटाकडे गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"तांबटतात्या, तांबटतात्या, नळी वाकवता का?
मावशी नळी बसवीना,
टाकी तापेना,
पिल्लं माझी गारठली."

तात्या म्हणाले, "पोकळ नळी वाकवली की चेपते. मग पाणी जाईल कुठून? आधी आत कोरडी वाळू भरायची, गच्च. गाढव वाळू आणील, तर वाकवीन."

ऊन भिंतीवर चढलं. मिचकी गाढवाकडे गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"गाढवदादा, गाढवदादा, वाळू आणतोस का?
तात्या नळी वाकवीना,
मावशी नळी बसवीना,
टाकी तापेना,
पिल्लं माझी गारठली."

गाढवाने कान हलवले. "पाय बांधलेत माझे. मालकीण सरूआक्का दोरी सोडील, तर आणीन."

ऊन छपरावर गेलं. मिचकी आक्काकडे गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"आक्का, आक्का, दोरी सोडतेस का?
गाढव वाळू आणीना,
तात्या नळी वाकवीना,
मावशी नळी बसवीना,
टाकी तापेना,
पिल्लं माझी गारठली."

आक्का म्हणाली, "चिमूटभर उंदरी, आणि मला कामाला लावते. अगं, दोरी भिजली, गाठ आवळली. बोटं बधिर झाली माझी. गाठ सुटेल, तर सोडीन."

ऊन झाडाच्या शेंड्यावर गेलं. मिचकी गाठीपाशी गेली. आता तुरुतुरु नाही. पाय दमले होते.

"गाठीबाई, गाठीबाई, सुटतेस का?
आक्का दोरी सोडीना,
गाढव वाळू आणीना,
तात्या नळी वाकवीना,
मावशी नळी बसवीना,
टाकी तापेना,
पिल्लं माझी गारठली."

गाठ काही बोलली नाही. गाठीला कुठे तोंड असतं?

तोंड मिचकीला होतं. तोंडात दात होते.

"आक्का, मी कुरतडू?" मिचकीने विचारलं.

आक्काने दोरीकडे पाहिलं. चांगली दोरी होती. मग मिचकीकडे पाहिलं.

"कुरतड बाई," ती म्हणाली. "दोरी मी दुसरी वळीन."

कुरतुड, कुरतुड. एक धागा तुटला. कुरतुड, कुरतुड. आणखी एक. ऊन डोंगरावर गेलं. कुरतुड, कुरतुड, कुरतुड...

गाठ सुटली.

आक्काने दोरी सोडली.

गाढवाने वाळू आणली. डुगुडुगु, डुगुडुगु.

तात्यांनी नळीत वाळू भरली. नळी ओंडक्याभोवती हळूहळू वाकवली. ठक ठक, ठक ठक. मग सगळी वाळू बाहेर. सळसळ, सळसळ.

मावशीने नळी बसवली. एक तोंड बंबाला, एक तोंड परत बंबाला. मग बंबाचा नळ सोडला.

टप.

मिचकीने कान टवकारले.

टप. टप. सांध्यातून पाणी गळत होतं. सगळं गरम पाणी असंच गेलं तर? भोकातून पिल्लांचा आवाज येत होता, अगदी बारीक. मग तोही येईना.

मावशीने नळ बंद केला. सांधा उघडला. त्यावर सुताचा धागा गुंडाळला, पुन्हा गुंडाळला. मग पाना लावून आवळला, कर्र कर्र. पुन्हा नळ सोडला.

सगळे बघत राहिले. तात्या, आक्का, गाढवसुद्धा.

टप नाही. टप टप नाही.

झुळझुळ, झुळझुळ.

टाकी तापली. भिंत तापली. मिचकी भोकात शिरली. पिल्लं गार होती. तिने एकेकाला उचललं, भिंतीला टेकवलं आणि वर स्वतः पसरली. बराच वेळ काहीच झालं नाही.

मग एक पिल्लू हललं. मग दुसरं. मग सगळी चुळबुळ चुळबुळ दूध शोधू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंबील छान आंबली होती, आणि मावशीने पहिला चमचा मिचकीच्या भोकापाशी ठेवला.