कोंडाबाई आणि कुत्र्यांचा परवाना

पांघरूण घेतलंत? पाय आत घ्या. मग ऐका राजाची गोष्ट.

एक होती धनगरीण. राजाच्या गोष्टीत धनगरीण कशी आली म्हणाल, तर आली ती भांडतच आली. तिचं नाव कोंडाबाई. माळावर तिची साठ मेंढरं, आणि मेंढरं राखायला एक कुत्रा. त्याचं नाव घोंगड्या. अंगावर केस असे दाट नि काळेभोर, की पावसात मुटकुळं करून बसला तर कुणी घोंगडी समजून उचलायला जायचं. बाई चालली की तो चालायचा, बाई बसली की तो बसायचा. गळ्यात ना साखळी, ना दोरी.

त्याच राज्यात एक सरदार होता, झुंजारराव. त्याच्याकडेही कुत्रा होता. लांबच्या देशातून आणलेला, वासराएवढा उंच. कशाला आणला? मिरवायला! बांधला देवडीवर, दोन हात साखळीनं, भर उन्हात, तब्बल तीन वर्षं. पाण्याचं भांडं ठेवलेलं, पण तोंड पोचणार नाही इतकं लांब. पाहुणे आले की नोकर त्याला काठीनं डिवचायचे. तो भुंकला की पाहुणे हसायचे. मला सांगा, अशा कुत्र्याचं डोकं ठिकाणावर राहील का?

मग एक दिवस साखळी तुटली. गल्लीतून कोष्ट्याची छबू चालली होती, डोक्यावर सुताची टोपली घेऊन. सात वर्षांची पोर. कुत्रा धावला नि तिच्या हाताला चावला. पोर वाचली, पण दोन बोटं कायमची वाकडी राहिली.

राजा संतापला. संतापायलाच हवं होतं. त्यानं दवंडी पिटवली. कुत्रा पाळायचा असेल तर परीक्षा द्यायची. जो पास होईल त्याला परवाना म्हणून तांब्याचा बिल्ला. नापास होईल त्याचा कुत्रा कोंडवाड्यात. आणि आठव्या दिवशी कोंडवाड्यातल्या कुत्र्यांचा निकाल लावायचा. निकाल म्हणजे काय, ते मी तोंडानं सांगत नाही. तुम्हाला कळलं.

हुकूम वाईट नव्हता बरं का. पण राजानं परीक्षा सोपवली दिवाणजींकडे, आणि दिवाणजींनी जन्मात कधी कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवला नव्हता. त्यांनी गादीवर बसून तीन प्रश्न काढले. एक, कुत्र्याची संस्कृतातली सात नावं सांगा. दोन, कुत्र्याचं वर्णन सुवाच्य अक्षरात लिहा. तीन, कुत्र्याच्या तोंडात दात किती?

कोंडाबाई परीक्षेला गेली. तिला अक्षर येत नव्हतं, की संस्कृत येत नव्हतं. पण तिसऱ्या प्रश्नाला तिचा चेहरा खुलला. ती म्हणाली, "पिल्लाचे की मोठ्याचे, दिवाणजी? पिल्लाचे दुधाचे दात निराळे असतात. आणि म्हाताऱ्याचे निम्मे पडलेले. त्याला भाकरी भिजवून द्यावी लागते."

दिवाणजींनी वर न बघताच सांगितलं, "उलट प्रश्न विचारते. नापास."

मग चार शिपाई भाले घेऊन आले. घोंगड्यानं बाईकडे बघितलं. तिनं एक इशारा केला असता तर तो चौघांच्या अंगावर गेला असता. पण तिला भाल्यांची टोकं दिसत होती. ती म्हणाली, "बस, बाळा." तो बसला. त्यांनी त्याच्या गळ्यात दोरी घातली नि फरपटत नेला.

आणि पहिला बिल्ला कुणाला मिळाला, माहीत आहे? झुंजाररावाला! त्याच्या कारकुनानं सगळी उत्तरं झोकदार अक्षरात लिहून दिली. सरदारानं बिल्ला पगडीला लावला, आणि तोच कुत्रा त्याच साखळीनं परत देवडीवर बांधला. मला अजून राग येतो बघा. ए, हसू नकोस. यात हसण्यासारखं काही नाही.

मग कोंडाबाई वाड्यावर गेली. पहिल्या दिवशी पहारेकरी म्हणाला, "बिल्ला दाखव, मग आत जा." दुसऱ्या दिवशी दिवाणजी सज्जातून म्हणाले, "पुढल्या वर्षी अभ्यास करून ये." तिसऱ्या दिवशी राजा दिसला, पण घोड्यावर. शिकारीला चालला होता, मागे त्याची तीन कुत्री. तिघांच्या गळ्यात बिल्ले, परीक्षा न देताच! कोंडाबाई घोड्यामागे धावली, धुळीनं तिचं तोंड भरलं.

असे सात दिवस गेले. आठव्या सकाळी ती कोंडवाड्याशी गेली. आत चाळीस कुत्री. कुंभाराचं होतं, गारुड्याचं होतं, आंधळ्या वासुदेवाला वाट दाखवणारं होतं. सगळी गरिबाघरची. घोंगड्या कोपऱ्यात पडला होता. सात दिवस त्यानं अन्नाला तोंड लावलं नव्हतं. बाहेर शिपाई भाले परजत होते.

मग मात्र कोंडाबाईचा राग अंगात मावेना. तिनं तोंडाशी हात धरले नि माळावर मेंढरांना घालतात तशी हाळी घातली. पहिली हाळी पहिल्या डोंगरावर गेली. काही झालं नाही. दुसरी हाळी दुसऱ्या डोंगरापलीकडे गेली. शिपाई हसले. तिसरी हाळी घातली, त्यात तिनं सगळा संताप ओतला, सात दिवसांचा. ती तिसऱ्या डोंगरापलीकडे गेली. आणि तिकडून उत्तर आलं. भुंकण्याचं!

जमीन हादरली. तिसरा डोंगर उतरून एक कुत्री आली. केवढी? हत्तीएवढी! पांढरीशुभ्र, कान डागांचे, डोळे मधासारखे. जगातल्या सगळ्या कुत्र्यांची ती आई. तिनं पंजा मारला नि कोंडवाड्याचं दार भुईसपाट झालं. भाले टाकून शिपाई पळाले. मग ती थेट वाड्याच्या चौकात जाऊन बसली, चाळीस कुत्री तिच्या मागे. आणि माणसाच्या वाणीनं म्हणाली, "राजा, खाली ये. परीक्षा आता मी घेते. ज्यांच्याकडे बिल्ले आहेत त्यांना कुत्र्यांसकट बोलाव."

राजा अनवाणी धावत आला. सगळं नगर जमलं.

पहिली परीक्षा अशी, की हातात खाऊ नाही, काठी नाही, कुत्र्याला नुसती हाक मारायची. कोंडाबाईनं हाक मारली, तर सात दिवसांचा उपाशी घोंगड्या धडपडत आला नि तिच्या पायावर पडला. झुंजाररावानं हाक मारली. त्याचा कुत्रा साखळी ताणून मागे सरला. हाक मारायला नाव तर हवं! सरदारानं त्याला नावच ठेवलं नव्हतं.

दुसरी परीक्षा. दोन्ही कुत्र्यांच्या पंजात काटा रुतलाय, तो मालकानं स्वतः काढायचा. बाईनं घोंगड्याचा पंजा मांडीवर घेतला, दातानं काटा उपटला. सरदार चार हातांवरून म्हणाला, "हे नोकराचं काम."

"बरं," कुत्र्यांची आई म्हणाली. "मग तिसरी परीक्षा. तुझा कुत्रा जसा राहतो, तसं एक दिवस तू राहा."

आणि काय नवल! कुत्र्याच्या गळ्यातली साखळी आपोआप सुटली नि सळसळत जाऊन झुंजाररावाच्या गळ्यात बसली, दुसरं टोक चौकातल्या खांबाला. दोन हात साखळी, भर दुपार, पाण्याचं भांडं लांब. सरदार आधी ओरडला. मग विनवू लागला. तिसऱ्या प्रहरी तो नुसता गुरगुरत होता. दिवाणजी समजूत घालायला जवळ गेले, तर कडकन त्यांच्या हाताला चावला!

लोक हसले. कोंडाबाई हसली नाही. ती कडाडली, "बघितलंत? एका दिवसात माणूस चावला! त्या मुक्यानं तीन वर्षं काढली. त्या पोरीची बोटं कुत्र्यानं नाही वाकडी केली. त्याला बांधणाऱ्यानं केली, आणि तो बांधणारा बिल्ला लावून हिंडतोय!"

मग तिनं पायानं पाण्याचं भांडं सरदाराकडे सरकवलं. दया आली म्हणून नाही. तहानलेलं तोंड तिला बघवायचं नाही, कुणाचंही असो.

राजा मान खाली घालून ऐकत होता. मग तो स्वतः पुढे झाला. त्यानं आपल्या तीन कुत्र्यांना हाक मारली. दोन आली. तिसरं जागच्या जागी थरथरत राहिलं. राजानं सगळ्यांदेखत सांगितलं, "मीही नापास."

तेव्हा कुत्र्यांच्या आईनं त्याच्या डोक्याला नाक लावलं. "खरं बोललास. तुला शिकता येईल," म्हणाली, सरदाराच्या गळ्यातली साखळी सोडली आणि डोंगराकडे निघून गेली.

मग काय झालं? परवान्याचा हुकूम राहिला, पण प्रश्न बदलले. दिवाणजींच्या जागी परीक्षेला कोंडाबाई बसू लागली, वर्षातून एकदा. लोक तिला खाष्ट म्हणत. म्हणोत बापडे. झुंजारराव तीनदा आला, तिन्ही वेळा तिनं त्याला परत पाठवला. त्याच्या कुत्र्याला ती माळावर घेऊन गेली. वर्षभर कुणी हात उचलला की तो जमिनीला चिकटायचा. ती जवळ जायची नाही, नुसती भाकरी ठेवून लांब बसायची. एक दिवस तो आपण होऊन आला नि घोंगड्याशेजारी झोपला. त्या दिवशी तिनं त्याला नाव ठेवलं, सोबत्या.

मेंढरं वाढली, कुत्री निर्धास्त झाली, छबू मोठी होऊन वाकड्या बोटांनीही झकास पैठणी विणू लागली, आणि सगळे आपापल्या ठिकाणी सुखानं राहिले. झाली माझी गोष्ट. आता कूस बदला, डोळे मिटा, आणि कुणीही चकार शब्द काढायचा नाही.